लवंग-दालचिनीचा कंटेनर थेट परदेशातून आणायचा असेल तर

प्रश्न असा आला आहे: सोलापूरकडे मसाल्याचा कारखाना आहे. वर्षाला साधारण १२ टन लवंग, १० टन दालचिनी आणि ५-६ टन मिरी लागते. आजवर सगळा माल वाशीच्या मसाला मार्केटमधून घेतला. आता मादागास्कर आणि व्हिएतनामच्या निर्यातदारांचे भाव मेलवर येतात आणि ते वाशीपेक्षा बरेच कमी दिसतात. थेट आयात परवडेल का? परवडत असेल तर सुरुवात कशी करावी?

आधी माझं मत सांगतो. पहिला कंटेनर दालचिनीचा आणा. लवंग दुसऱ्या वर्षी आणा, तीही शक्यतो दोघा-तिघांत मिळून. मिरी आणूच नका. तिन्ही मालांचा धोका वेगवेगळा आहे आणि तो मेलवरच्या भावात दिसत नाही. वाशीत गोणी उघडून, लवंग नखाने दाबून, पटली नाही तर परत करता येते. आयातीत माल जहाजावर चढला की परत करणं जवळजवळ संपलं. म्हणून काळजी, पैसा आणि वेळ हे तिन्ही माल तिकडच्या बंदरातून निघण्याआधी खर्च करायचे.

पडतळ, म्हणजे माल दारात पडतो ती खरी किंमत, नीट काढा

लवंगेवर मूळ सीमाशुल्क ३५ टक्के आहे. त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे आणखी साडेतीन टक्के. या सगळ्यावर ५ टक्के आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. १०० रुपयांच्या सीआयएफ (जहाजभाडं आणि विमा धरलेल्या किमतीच्या) मालाला १३८ रुपये ५० पैसे पडतात, वर ६ रुपये ९३ पैसे आयजीएसटी. आयजीएसटीचं क्रेडिट मिळतं, पण ते पुढे. रोकड मात्र बंदरावरच भरावी लागते. दालचिनी आणि तजेवर (तिच्यासारखीच जाड साल) मूळ शुल्क ३० टक्के, म्हणून १०० चे १३३ होतात. कोणताही सौदा करण्याआधी त्या दिवसाचा दर आइसगेट या कस्टम्सच्या पोर्टलवर मालाचा आठ अंकी कोड टाकून पाहायचा. अर्थसंकल्पानंतर तर हमखास पाहायचा.

आकड्यात मांडू. समजा १३,५०० किलो लवंग, सीआयएफ न्हावा-शेवा किलोला ८ डॉलर, डॉलर ९० रुपये. मालाची किंमत ९७ लाख २० हजार. शुल्क ३४ लाख २ हजार, अधिभार ३ लाख ४० हजार २००, आयजीएसटी ६ लाख ७३ हजार ११०. म्हणजे माल दारात येण्याआधी ४४ लाखांहून जास्त रक्कम एकट्या कस्टम्सला जाते. मेलवर ७२० रुपये किलो वाटणारी लवंग आयजीएसटी सोडून ९९७ रुपयांना पडते. त्यात सीएफएसचं (बंदराजवळच्या कंटेनर गोदामाचं) भाडं, शिपिंग लाइनचे स्थानिक आकार, कस्टम्समधून माल सोडवणारा ब्रोकर, तपासणी, सोलापूरपर्यंतचा ट्रक आणि तीन महिने अडकलेल्या भांडवलाचं व्याज अजून धरलेलं नाही. वाशीच्या भावाशी तुलना करायची ती या सगळ्यानंतरच्या आकड्याची.

यात सहसा विसरली जाते ती घट. लवंग १३ टक्के ओलाव्याने भरली आणि कारखान्यात ११ टक्क्यांवर आली, तर १३,५०० किलोचे १३,१९७ किलो उरतात. ३०३ किलो हवेत गेले. चोरी नाही, वजनात खोट नाही, फक्त पाणी उडालं. वरच्या उदाहरणात त्यामुळे किलोची पडतळ ९९७ वरून १,०२० वर जाते. सौद्यात ओलाव्याच्या एका टक्क्यासाठी भांडायचं ते यासाठी. आणि पैसे द्यायच्या दिवसापर्यंत डॉलर दोन रुपयांनी चढला तर याच मालावर २ लाख १६ हजार रुपये वाढतात, किलोमागे १६ रुपये. एवढ्यात अख्खा नफा जाऊ शकतो, म्हणून सौदा पक्का झाल्या दिवशीच बँकेकडून फॉरवर्ड कव्हर घ्या, म्हणजे डॉलरचा भाव आधीच बांधून ठेवा.

एफओबी भावाने (फक्त जहाजावर चढेपर्यंतच्या किमतीने) घेत असाल तर जहाजभाडं आणि विमा यांची खरी बिलं हाताशी ठेवा. बिलं नसतील तर कस्टम्स एफओबी किमतीच्या २० टक्के भाडं आणि १.१२५ टक्के विमा धरून मूल्य काढतं. लवंगेसारख्या महाग मालाचं खरं भाडं सहसा २० टक्क्यांच्या जवळपासही नसतं, आणि त्या फुगलेल्या किमतीवर शुल्क भरावं लागतं.

सवलत आणि उगमाचा दाखला

वरचे दर सवलतीशिवायचे आहेत. मादागास्कर, कोमोरोस, टांझानिया हे अल्पविकसित देशांच्या यादीत येतात. त्यांच्यासाठी अधिसूचना क्रमांक ९६/२००८ आहे. व्हिएतनाम, इंडोनेशियासाठी आसियान कराराची ४६/२०११. तुमच्या आठ अंकी कोडासमोर सवलत आहे का आणि किती, हे या अधिसूचनांच्या ताज्या सुधारणेत स्वतः वाचा. पुरवठादाराने ‘झिरो ड्यूटी’ लिहिलं म्हणून त्यावर पडतळ काढू नका.

सवलत मागितली की जबाबदारी तुमची. सप्टेंबर २०२० पासून उगमाच्या पुराव्याचे कॅरोटार नियम लागू आहेत. त्यांनुसार माल खरोखर त्याच देशाचा आहे याची माहिती आयातदाराने आधीच जमवून ठेवायची आणि पाच वर्षं सांभाळायची. नुसता उगमाचा दाखला पुरत नाही. लवंग कोणत्या भागातली, कोणी गोळा केली, निर्यातदाराने शेतकऱ्यांकडून घेतली की व्यापाऱ्याकडून, हे विचारलं जाऊ शकतं. हा तपशील आधीच मागा. द्यायला टाळाटाळ करणारा निर्यातदार पुढे कोणत्याही कागदासाठी टाळाटाळ करतो.

दुबईच्या व्यापाऱ्याकडून मादागास्करची लवंग घेताना विशेष जपा. माल तिथे उतरला, गोण्या बदलल्या, पुन्हा भरला, तर थेट वाहतुकीची अट मोडते आणि सवलत जाते. नुसतं जहाज बदललं आणि कंटेनरचं सील तेच राहिलं तर सहसा अडचण येत नाही, पण मूळ बंदरापासून न्हावा-शेवापर्यंतचं एकच बिल ऑफ लेडिंग (माल जहाजावर चढल्याची शिपिंग लाइनची पावती) हवं.

मिरी का नको

मिरीवर मूळ शुल्क ७० टक्के आहे. शिवाय डिसेंबर २०१७ पासून किमान आयात किंमत आहे. सीआयएफ किलोला ५०० रुपयांच्या खालची मिरी आणता येत नाही. श्रीलंकेशी असलेल्या करारात शून्य शुल्काची मिरी येते, पण तिचा वार्षिक कोटा २,५०० टनांचा आहे आणि त्यावर देशभरातल्या जुन्या आयातदारांचं लक्ष असतं. ५-६ टनांसाठी या फंदात पडण्यात अर्थ नाही. कूर्ग, वायनाड, इडुक्कीची मिरी घ्या. नमुना हातात घेऊन सौदा करता येतो, तेच मोठं.

दालचिनी म्हणजे नेमकं काय मागवताय

आपल्या बाजारात दोन वेगळ्या साली ‘दालचिनी’ या एकाच नावाने विकल्या जातात. श्रीलंकेची पातळ, अनेक पदरी, हाताने चुरडणारी ती खरी दालचिनी. व्हिएतनाम, चीन, इंडोनेशियाची जाड, एकेरी, कडक साल म्हणजे तज. कायद्यात दोन्हींची मानकं वेगळी आहेत, कस्टम्सचे कोडही वेगळे: ०९०६ ११ सिलोनी दालचिनीचा, ०९०६ १९ बाकीच्यांचा. व्हिएतनामची साल बिलावर ‘सिनॅमन’ म्हणून आली आणि ब्रोकरने ११ चा कोड लावला, तर प्रयोगशाळेत ती दालचिनीच्या मानकावर तपासली जाते आणि नापास होते. मालात दोष नसतो, नावात असतो. म्हणून बिल, पॅकिंग लिस्ट, गोणीवरचा छापा, फायटो दाखला (मालात कीड-रोग नसल्याचा सरकारी दाखला), सगळीकडे ‘कॅसिया’ हाच शब्द आणि वनस्पतीचं शास्त्रीय नाव एकसारखं लिहून घ्या. तुमच्या पाकिटावरच्या घटकांच्या यादीतही मग तेच आलं पाहिजे.

तजेत कूमारिन हे द्रव्य सिलोनी दालचिनीपेक्षा कितीतरी जास्त असतं. युरोपला मसाला पाठवणाऱ्यांना याचा हिशेब ठेवावा लागतो. देशात विकणाऱ्या कारखान्याला व्हिएतनामची तज चांगली, कारण तिच्यात तेल भरपूर असतं आणि गरम मसाल्यात तिखटगोड झणका तीच देते.

व्हिएतनाममध्ये येन बाय हा तजेचा मोठा भाग (२०२५ पासून लाओ काय प्रांतात). माल बहुधा हाय फाँग बंदरातून निघतो. दळण्यासाठी ‘स्प्लिट’ किंवा ‘ब्रोकन’ मागा. ‘सिगारेट’ म्हणजे सारख्या लांबीच्या गोल नळ्या दिसायला सुंदर, पण त्या पाकिटात अख्ख्या विकायच्या. गिरणीत घालायला तो दर देणं वाया. करारात बाष्पनशील तेल किमान २ टक्के, ओलावा कमाल १२ टक्के, बाह्य पदार्थ १ टक्का असं लिहा. कोवळ्या झाडाची साल पातळ, फिकट आणि कमी तेलाची असते. स्वस्त भावामागे बहुतेक वेळा हीच असते. नळीच्या आतल्या बाजूला करडी-पांढरी बुरशी पाहा, बाहेरून ती दिसत नाही. रंग नको इतका उजळ आणि एकसारखा असेल तर गंधकाची धुरी दिलेली असू शकते. मूठभर साल बंद डब्यात रात्रभर ठेवून सकाळी झाकण उघडा. काडेपेटीसारखा वास आला तर सल्फर डायऑक्साइडची चाचणी करून घ्या.

दळलेली पूड मात्र कधीही आयात करू नका, कितीही स्वस्त असली तरी. २०२३ साली अमेरिकेत लहान मुलांच्या सफरचंदाच्या लगद्याच्या पाकिटांत शिसं सापडलं. ते दालचिनीच्या पुडीतून आलं होतं आणि तिच्यात रंगासाठी लेड क्रोमेट मिसळल्याचं तपासात दिसलं. अख्ख्या सालीत अशी भेसळ करणं अवघड आहे, पुडीत सोपं. अख्खा माल आणायचा आणि आपल्या गिरणीत दळायचा.

लवंगेचा नमुना

आपल्या अन्नसुरक्षा मानकात अख्ख्या लवंगेसाठी ओलावा कमाल १२ टक्के, कोरड्या वजनावर बाष्पनशील तेल किमान १७ टक्के, डोकं गळालेल्या लवंगा २ टक्के, देठ आणि फळ धरलेल्या जून लवंगा २ टक्के, खोकर म्हणजे आंबून फिकट पडलेल्या २ टक्के, बाह्य पदार्थ १ टक्का. करार याहून थोडा कडक करा. ओलावा ११ च्या वर आला की त्या प्रमाणात पैसे कमी, १२ च्या वर गेला की माल नाकारायचा हक्क.

‘लालपरी’, ‘सीजी ३’ ही व्यापारातली नावं आहेत, एका निर्यातदाराची लालपरी दुसऱ्याच्या सीजी ३ हून खराब असू शकते. करारात फक्त ग्रेडचं नाव असेल तर वादात काहीच हाती लागत नाही. आकडे लिहा.

तेल काढून घेतलेली लवंग ही जुनी फसवणूक. ती सुकलेली, काळपट, वजनाला हलकी असते. चांगली लवंग नखाने दाबली की तेलाचा ओशटपणा दिसतो. पाण्याच्या ग्लासात ती बुडते किंवा डोकं वर करून उभी तरंगते, तेल गेलेली आडवी पडून तरंगते. हातचा अंदाज घ्यायला हे पुरेसं आहे, पण पैसे ठरवायला प्रयोगशाळेचा तेलाचा आकडाच लागतो.

कुरिअरने आलेला एक किलोचा नमुना निवडलेला असतो, त्याच्यावर सौदा करू नका. तो फक्त ‘याच्याकडे असा माल असू शकतो’ एवढं सांगतो. खरा नमुना भरायच्या दिवशीचा, एसजीएस, ब्युरो व्हेरिटास, इंटरटेक किंवा कोटेक्ना यांसारख्या तपासणी संस्थेने गोण्यांतून काढलेला. १०० हून जास्त गोण्या असतील तर एकूण संख्येचं वर्गमूळ काढून तितक्या गोण्यांतून नमुना घ्यायचा, हा आयएसओचा नियम. ५० किलोच्या २७० गोण्या असतील तर १७ गोण्या. गोण्या निरीक्षकाने निवडायच्या, निर्यातदाराने पुढे सरकवलेल्या नकोत. थप्पीच्या आतल्या आणि तळाच्या गोण्या त्यात आल्याच पाहिजेत. एकत्र केलेल्या नमुन्याचे तीन सीलबंद भाग करायचे: एक तपासणीला, एक निर्यातदाराकडे, एक तुमच्याकडे. तपासणीची फी तुम्ही द्या. फी निर्यातदार देत असेल तर निरीक्षक कोणाचा, हा प्रश्न उरतोच.

हंगामही लक्षात ठेवा. मादागास्करची लवंग साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरात उतरते, आणि तोआमासिना बंदरातून येते. इंडोनेशिया सर्वांत मोठा उत्पादक आहे, पण तिथली बरीच लवंग क्रेतेक या लवंग घातलेल्या सिगारेटींत तिथेच संपते. झांझिबारमध्ये लवंगेचा व्यापार सरकारी झेडएसटीसी या महामंडळामार्फत चालतो. पेम्बा हे त्यातलंच लवंगेचं बेट. म्हणून कोणी अनोळखी खासगी कंपनी ‘पेम्बाची लवंग’ बाजारभावाच्या खूप खाली देऊ म्हणाली, तर आधी तिच्या हाती माल आला कुठून ते विचारा. लवंगेचं पीक दर तीन-चार वर्षांनी भरघोस येतं आणि मधली वर्षं पडेल असतात, त्यामुळे भाव मोठे झोके घेतात. वर्षाची सगळी १२ टन लवंग एकाच कंटेनरमध्ये घेणं म्हणजे वर्षभराची खरेदी एकाच दिवसाच्या भावावर बांधणं. दालचिनीने सुरुवात करा म्हणतो ते याचसाठी. तिची किंमत कमी, चूक झाली तरी सोसवते.

लवंगेचा अनुभव पूर्ण जोखीम न घेता घ्यायचा असेल तर हाय-सी सेलने घ्या. मुंबईतला जुना आयातदार जहाज समुद्रात असताना ३-४ टन तुमच्या नावे करून देतो, बिल ऑफ एंट्री (कस्टम्सला द्यायचं आयातीचं घोषणापत्र) तुम्ही भरता. सगळी कागदपत्रं तुमच्या हाताखालून जातात, पुरवठादार शोधायचा आणि आगाऊ पैसे द्यायचा धोका मात्र त्याचा. पहिल्या लवंगेसाठी मला हाच मार्ग सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

पुरवठादार आणि पैसे

बाजारापेक्षा १५-२० टक्के स्वस्त भाव, ‘३० टक्के आगाऊ टीटी (बँकेतून थेट रक्कम) पाठवा, बाकी बिल ऑफ लेडिंगच्या प्रतीवर’, आणि व्हॉट्सअॅपवर गोदामाचे फोटो. ही फसवणुकीची ठरलेली चाल आहे. ३० टक्के जातात, मग खोट्या बिल ऑफ लेडिंगच्या प्रतीवर ७० टक्केही जातात. प्रत आली की कंटेनर नंबर आणि बिल नंबर शिपिंग लाइनच्या स्वतःच्या संकेतस्थळावर टाका, निर्यातदाराने पाठवलेल्या लिंकवर नव्हे. कंटेनर नंबरचा शेवटचा अंक आधीच्या अक्षर-अंकांवरून गणिताने येतो. मनाने रचलेला नंबर बहुतेक तिथेच अडकतो.

दुसरी चाल जास्त घातक, कारण तिथे पुरवठादार खरा असतो. कोणीतरी त्याचा मेल फोडून बसलेलं असतं आणि पैसे पाठवायच्या आदल्या दिवशी ‘आमचं बँक खातं बदललं’ असा मेल येतो. तुमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून खात्री केल्याशिवाय खातं कधीही बदलू नका. खात्याचं नाव कंपनीच्या नावाशी जुळलंच पाहिजे, देशही तोच हवा. मादागास्करच्या कंपनीचं खातं हाँगकाँगला असेल तर थांबा.

एलसी, म्हणजे कागद बरोबर असतील तर पैसे देण्याची बँकेची हमी, सर्वांत सुरक्षित, पण तिचं संरक्षण कागदापुरतं असतं. बँक माल पाहत नाही, कागद पाहते. गोण्यांत भुसा असला आणि कागद बिनचूक असले तर बँक पैसे देणार. म्हणून एलसीत मागायच्या कागदांत तपासणी संस्थेचा दाखला घाला आणि त्या दाखल्यात काय लिहिलेलं असलं पाहिजे तेही घाला: ओलावा, तेल, गोण्यांची संख्या, निव्वळ वजन, कंटेनर आणि सील नंबर. ही एक ओळ सुटली तर एलसीच्या सगळ्या खर्चाचा उपयोग निम्मा होतो. छोटे निर्यातदार एलसी घ्यायला नाखूश असतात. मग कागद बँकेमार्फत, पैसे दिल्यावरच कागद मिळतील, असा मार्ग धरा आणि आगाऊ रक्कम १० टक्क्यांवर जाऊ देऊ नका.

करारात आणखी एक गोष्ट पक्की करा: दर्जा आणि वजन कुठचं अंतिम? निर्यातदाराला भरतानाचं हवं असतं, तुम्हाला उतरतानाचं. मधला तोडगा चालतो. दर्जा भरतानाच्या तपासणीवर, वजन न्हावा-शेवाच्या काट्यावर अर्धा टक्का सूट धरून.

परवाने

परदेश व्यापार महासंचालनालयाचा (डीजीएफटी) आयईसी, म्हणजे आयात-निर्यात क्रमांक (शुल्क ५०० रुपये, दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये अद्ययावत करावा लागतो, नाहीतर बंद पडतो). बँकेचा एडी कोड (परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या शाखेचा क्रमांक) आइसगेटवर नोंदवायचा. एफएसएसएआयचा (केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) उत्पादकाचा परवाना तुमच्याकडे असेलच, पण आयातीसाठी आयईसीच्या पत्त्यावर वेगळा केंद्रीय आयातदार परवाना लागतो, वर्षाला ७,५०० रुपये. प्लांट क्वारंटाइनच्या (आयात शेतमालातली कीड-रोग तपासणाऱ्या सरकारी विभागाच्या) पोर्टलवर नोंदणी. आणि न्हावा-शेवाला मसाल्याचं काम रोज करणारा कस्टम्स ब्रोकर. यंत्रसामग्री सोडवण्यात हुशार असलेला ब्रोकर इथे कामाचा नाही.

भरणी

गोण्यांवरचा छापा परदेशातच पुरा व्हायला हवा: मालाचं नाव, निव्वळ वजन, उगमाचा देश, लॉट नंबर, पॅकिंगची तारीख, बेस्ट बिफोर, निर्यातदाराचं नाव-पत्ता. आयातदाराचं नाव-पत्ता आणि एफएसएसएआय नंबराचं लेबल इथे सीएफएसमध्ये चिकटवू देतात. तारीख आणि लॉट नंबर इथे लावता येत नाहीत, आणि त्या एका कारणावरून चांगला माल अडतो. छाप्याचा फोटो भरणीच्या आठ दिवस आधी मागवून ब्रोकरला दाखवा.

फायटोसॅनिटरी दाखला त्या देशाच्या सरकारी यंत्रणेचा, मूळ प्रत. त्या पिकासाठी आणि त्या देशासाठी कोणती विशेष घोषणा आणि कोणतं धुरीकरण हवं, हे २००३ च्या प्लांट क्वारंटाइन आदेशाच्या परिशिष्टांत दिलेलं असतं. तीच वाक्यं, तसेच शब्द दाखल्यावर यायला हवेत. निर्यातदाराला ती मेलवर जशीच्या तशी पाठवा आणि दाखला निघण्याआधी मसुदा मागा. धुरीकरणाच्या रकान्यात औषध, मात्रा, तास आणि तापमान भरलेलं हवं. लाकडी पॅलेट असतील तर त्यांवर आयएसपीएम १५ चा (लाकडावर कीडनाशाची प्रक्रिया केल्याचा) शिक्का.

कंटेनर रिकामा असताना आत उभं राहून दारं लावायला सांगा. उजेडाचा ठिपका दिसला तर कंटेनर बदला. फरशी ओली किंवा नुकती धुतलेली नको. लवंग-तज उष्ण दमट बंदरातून निघतात, वाटेत तापमान खाली-वर होतं आणि छताला आतून घाम धरून थेंब गोण्यांवर पडतात. वरच्या दोन थरांना बुरशी येते ती यामुळे. उपाय स्वस्त आहे: भिंती आणि फरशीला क्राफ्ट कागद, वरच्या थरावर पुठ्ठा, आणि वीस फुटी कंटेनरला कॅल्शियम क्लोराइडच्या दीड-दीड किलोच्या साधारण सहा पट्ट्या. रिकामा, अर्धा, पूर्ण आणि सील लावलेला असे चार फोटो घ्यायला लावा. लवंग वीस फुटीत १३-१४ टन बसते. तज फोफशी, वजनाआधी जागा संपते, म्हणून ती सहसा चाळीस फुटीत भरतात.

विमा सीआयएफमध्ये विक्रेता काढतो, पण तो किमान संरक्षणाचा असतो. करारात ‘इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉज ए’ असं स्पष्ट लिहून घ्या. तरीही नैसर्गिक घट आणि अपुरं पॅकिंग या विम्यात बसत नाही. कागद-पट्ट्या न लावता घामाने भिजलेल्या मालाचा दावा त्यामुळेच फेटाळला जाऊ शकतो.

न्हावा-शेवा

बिल ऑफ एंट्री जहाज येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत भरायची. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,००० आणि पुढे रोज १०,००० रुपये. कागद बँकेत अडकलेले असतात आणि जहाज आलेलं असतं, हा नेहमीचा घोटाळा. म्हणून एलसीत कागद सादर करायची मुदत कमी ठेवा.

एफएसएसएआयचे अधिकारी नमुना घेतात, तो प्रयोगशाळेत जातो, प्लांट क्वारंटाइनची पाहणी वेगळी. या काळात दोन मीटर चालू असतात: सीएफएसच्या जागेचं भाडं आणि कंटेनर अडवल्याबद्दल शिपिंग लाइनचं डिटेन्शन. डिटेन्शन डॉलरमध्ये आणि दिवसागणिक चढत जाणारं असतं. बुकिंगच्या वेळीच १४ दिवस मोफत मागून लिहून घ्या, नंतर कोणी देत नाही. निकालाला वेळ लागणार दिसला तर कस्टम्स कायद्याच्या कलम ४९ खाली माल सार्वजनिक गोदामात हलवायची परवानगी मागता येते. कंटेनर रिकामा करून परत गेला की निदान एक मीटर थांबतो.

नमुना नापास झाला तर घाबरून लगेच माल परत पाठवायच्या गोष्टी करू नका. नमुन्याचा दुसरा भाग रेफरल (फेरतपासणीच्या) प्रयोगशाळेत पाठवायचा अर्ज ठरलेल्या मुदतीत करा. ओलावा किंवा डोकं गळालेल्या लवंगांचं प्रमाण सीमेवर असेल तर दोन प्रयोगशाळांत फरक पडू शकतो. कीड, रंग किंवा खनिज तेल सापडलं असेल तर मात्र पैसे आणि वेळ वाया घालवू नका.

कंटेनर उघडताना सील नंबर कागदाशी ताडा, दारं उघडण्याआधी आणि उघडल्यावर व्हिडिओ काढा. गोणी ओली किंवा गाठी धरलेली दिसली की माल हलवण्याआधी सर्व्हेयर बोलवा. शिपिंग लाइनला लेखी नोटीस तीन दिवसांत गेली पाहिजे, नाहीतर माल चांगल्या स्थितीत मिळाला असं धरलं जातं. काट्यावर भरलेली आणि रिकामी गाडी दोन्ही तोला आणि निर्यातदाराने जहाजासाठी दिलेल्या व्हीजीएम (भरलेल्या कंटेनरच्या प्रमाणित) वजनाशी जुळवा. बारदानाचं वजन दहा रिकाम्या गोण्या तोलून काढा, छापलेल्या आकड्यावर विसंबू नका.

कारखान्यात आल्यावर पुन्हा १७ गोण्यांचा नमुना, तोच हिशेब. निकाल येईपर्यंत जुन्या मालात मिसळू नका. गोण्या पॅलेटवर, भिंतीपासून दोन फूट लांब. लवंग तज-वेलचीजवळ ठेवू नका, वास ओढला जातो. मादागास्करचा नवा हंगाम धरून माल डिसेंबर-जानेवारीत निघेल असं बांधा, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये कोरड्या हवेत उतरतो आणि पावसाळ्याआधी निम्मा दळून होतो. उरलेला जूनआधी आत पॉलिथिनचं अस्तर असलेल्या गोण्यांत हलवा, आणि ऑगस्टमध्ये एकदा तेलाची चाचणी पुन्हा करा. आकडा १७ च्या खाली सरकायला लागला असेल तर तो लॉट आधी गिरणीत घ्या.